पाहुण्याचं कातडं

वहिनींना त्या कातड्याची किळस पहिल्या दिवसापासून होती. रबराचा चीक साच्यात ओतून, वाळवून, सोलून काढलेलं ते कातडं शिवणखात्याच्या भिंतीवर खिळ्यांना उलटं टांगलेलं असायचं, आणि कुणी दार उघडलं की वाऱ्याने त्याचे हात हलायचे. वरून शेवाळी, आतून पिवळट. हात लावला तर चिकटायचं, ओढला तर 'चप्' करून सुटायचं. "आजाऱ्याच्या टाचेची साल निघते ना, तसं दिसतं," असं त्या घरी येऊन सांगायच्या आणि नवरा म्हणायचा, "अगं, जेवताना तरी नको."

सिनेमाचं नाव 'ते उतरले'. आकाशातून एक भलंमोठं बी पडतं, शहराच्या मधोमध रुजतं, फुटतं, आणि त्यातून परग्रहावरचे प्राणी निघून माणसांच्या घरांत शिरतात, एवढीच गोष्ट. पुढे तो सिनेमा फार गाजला; तेव्हा मात्र कुणाच्या खिजगणतीत नव्हता. स्टुडिओ म्हणजे साबणाचं एक बंद पडलेलं गोदाम. हल्ला करणारे प्राणी पडद्यावर शेकड्याने दिसत असले तरी कातडं एकच होतं आणि त्याच्या आत माणूसही एकच. युनिटमधले सगळे त्या प्राण्याला 'पाहुणा' म्हणायचे. "पाहुणा तयार झाला का?" "पाहुण्याला पाणी द्या रे." "थांबा, पाहुण्याचं शेपूट दारात अडकलंय."

आतला माणूस वहिनींचा धाकटा दीर. वहिनी युनिटमध्ये कपडे शिवायच्या, आणि सगळं युनिट त्यांना वहिनी म्हणायचं ते या दिरामुळे. तो त्यांचा डबा घेऊन यायचा आणि दारातूनच "वहिनीऽ" अशी हाळी द्यायचा. ऐकून ऐकून दिवेवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं. दिराला मात्र लहानपणापासून सगळे 'शिडी' म्हणत. उंच इतका की घरातला दिवा बदलायला स्टूल लागायचं नाही, आणि बारीक इतका की सदरा अंगात घातलाय की दांडीवर वाळत टाकलाय ते कळू नये. कामाच्या नावाने बोंब. गोदामात ओझी उचलून झाली, एका दुकानाच्या दारात दरवान म्हणून उभं राहून झालं. कुठेच टिकला नाही. थोरला भाऊ, म्हणजे वहिनींचा नवरा, डेपोत बस दुरुस्त करायचा आणि रोज संध्याकाळी हात पुसता पुसता भावाला विचारायचा, "आज काय दिवे लावलेस?"

अशात एकदा शिडी डबा घेऊन आला आणि दिग्दर्शकाच्या नजरेस पडला.

दिग्दर्शक म्हणजे चणीने लहान, फार स्वच्छ माणूस. कपड्याला कधी सुरकुती नाही, खिशात अत्तर लावलेला रुमाल. कातड्यात काही बदल हवा असला तर तो पेन्सिलीच्या टोकाने दाखवायचा. स्वतः हात कधी लावला नाही. त्याने शिडीला चौकटीखालून वाकून आत येताना पाहिलं आणि म्हणाला, "परत बाहेर जा. परत ये." शिडी गेला, आला. "पुन्हा. आता मान आधी आत आण, खांदे मागून." हातातला डबा तसाच धरून बिचारा जात राहिला, येत राहिला. शेवटी दिग्दर्शक टाळी वाजवून म्हणाला, "हाच. हा माणसासारखा चालतच नाही."

शिडीने ते कौतुक म्हणून घेतलं. घरी येऊन भावाला म्हणाला, "दादा, लागले दिवे."

कातड्याला चेन लावता येत नव्हती. प्रकाशात ती चकाकायची. म्हणून रोज सकाळी शिडीला आत उभा करायचा आणि वहिनींनी मानेपासून कमरेपर्यंत त्याची पाठ शिवून टाकायची. संध्याकाळी टाके उसवायचे. मधल्या वेळात तो आत बंद. खाणं नाही, पाणी प्राण्याच्या तोंडातून नळीने. श्वासही तिथूनच आणि बघायचंही तिथूनच, कारण प्राण्याचे डोळे काचेचे होते आणि कपाळाच्या बरेच वर बसवलेले होते.

"टाके जरा सैल घाला हं वहिनी," तो म्हणायचा. "आज नाश्ता दाबून झालाय."

"गप उभा राहा. सुई टोचेल."

"टोचू द्या. हवा तरी येईल आत."

पण नुसतं कातडं दिग्दर्शकाला पुरेना. पाहुणा ओला दिसला पाहिजे, त्याच्या अंगावरून तार सुटली पाहिजे. मग रबरवाला, म्हणजे ज्याने ते कातडं ओतलं होतं तो कारागीर, बादलीत खळ, ग्लिसरीन आणि अंड्यांचा पांढरा बलक घोटून रंगाच्या ब्रशने शिडीच्या अंगभर फासायला लागला. सकाळी ते मिश्रण झुळझुळीत दिसायचं. दुपारी दिव्यांच्या आचेने अंगावरच शिजायचं. काखेत, गुडघ्यामागे, जिथे जिथे घडी पडायची तिथे पांढऱ्या पापडीचे थर जमायचे. कातडं धुवायची सोय नव्हती, रंग निघायचा. ओल्या फडक्याने वरवर पुसायचं आणि टांगून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी त्यावरच नवा हात. चार दिवसांत सगळ्या खात्याला आंबूस, कुबट वास धरला. वहिनी दोन फडकी नाकाला बांधून शिवायच्या, आणि तरी बोटांना जे लागायचं ते साबणाने जायचं नाही. संध्याकाळी टाके उसवले की आतून दिवसभराचा घाम फरशीवर ओघळायचा, कोमट, आणि त्यात शिडीचे पाय लोण्यासारखे पांढरे पडलेले.

घरी तो अंग घासून घासून लाल करायचा. तरी वहिनींची छोटी लेक नाक धरून म्हणायची, "काका, तुम्ही तिकडे बसा ना." शिडी हसायचा आणि ताट उचलून गॅलरीत जायचा. एकदा वहिनी पाणी द्यायला गेल्या तर ताट तसंच होतं. "जात नाही हो," तो म्हणाला. "घास तोंडाशी नेला की तोच वास." पण लगेच हसून म्हणाला, "बारीक झालो तर तुम्हालाच बरं, कातडं कमी ताणेल."

मग आतड्यांची टूम निघाली.

पाहुणा नायिकेला भिंतीशी गाठतो आणि पहिल्यांदा जबडा उघडतो, असं दृश्य होतं. दिग्दर्शकाच्या मनात आलं की उघडलेल्या जबड्यात काहीतरी लोंबलं पाहिजे, आणि ते खरं असलं पाहिजे. खाटकाकडून आतडी आणवली. रबरवाल्याने ती जबड्यात आतल्या बाजूने टाचली, म्हणजे शिडीच्या नाकापासून वीतभर अंतरावर. त्या दिवशी दृश्य मनासारखं झालं नाही. दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या तर आतडी तशीच जबड्यात. रात्रभर गोदामात राहून ती निळसर झाली होती, फुगली होती, आणि दार उघडल्याबरोबर माशांचा एक ढग उठून पुन्हा बसला.

वहिनी तडक दिग्दर्शकाकडे गेल्या. "साहेब, ते सडलंय. नवी आणा."

"नव्यांचा रंग जुळणार नाही. अर्धं दृश्य झालंय."

"आत माणूस असतो, साहेब. त्याला श्वास त्यातूनच घ्यायचाय."

दिग्दर्शकाने रुमाल नाकाला लावला. "वहिनी, परग्रहावरून आलेल्या जनावराला काय मोगऱ्याचा वास येणार आहे?"

"वास सिनेमात दिसत नाही."

"नायिकेच्या चेहऱ्यावर दिसतो," तो म्हणाला. "काल मी पाहिला."

शिडी बाजूलाच उभा होता. त्याने वहिनींचा दंड धरून त्यांना बाजूला घेतलं. "जाऊ द्या. शिवा तुम्ही. मी तोंडाने श्वास घेईन. अगदीच नाही झालं तर उजवा हात वर करतो, सांगून ठेवलंय मी सगळ्यांना. हात वर, की काम बंद." वहिनींनी शिवलं. शिवताना कातड्याच्या आतून त्याच्या पोटाचे आचके त्यांच्या बोटांना जाणवत होते.

पहिल्या वेळी नायिका चुकली. दुसऱ्या वेळी दिवा फुटला. पुन्हा सगळं मांडलं, पुन्हा बलक फासला. नायिका भिंतीशी टेकली, तिच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते अभिनयाचं नव्हतं. पाहुणा वाकून आत आला, मान आधी, खांदे मागून. जबडा उघडला. आणि उजवा हात वर गेला.

सगळ्यांनी पाहिलं. वहिनींनी पाहिलं, रबरवाल्याने पाहिलं, कॅमेऱ्यामागच्या माणसाने भिंगावरून डोळा काढून दिग्दर्शकाकडे पाहिलं. दिग्दर्शकाने पेन्सिल हवेत फिरवली: चालू ठेव.

हात आणखी वर गेला. बोटं फाकली. मग कातड्याचं पोट एकदा आत गेलं, बाहेर आलं, पुन्हा आत गेलं, आणि पाहुण्याच्या जबड्यातून, त्या निळ्या आतड्यांवरून, पिवळंधमक काहीतरी भसाभस बाहेर पडलं. नायिकेच्या मानेवर, छातीवर, केसांत. ती जी किंचाळली ती किंचाळी सगळ्या जगाने नंतर ऐकली. पाहुणा गुडघ्यांवर आला. आत अजून येतच होतं, पण जबडा भरला होता. जायला वाट नव्हती. हाताने तो स्वतःचं डोकं ओरबाडायला लागला. आतून जो आवाज येत होता तो बंद नळात हवा अडकल्यासारखा. आणि कॅमेरा चालूच होता.

वहिनींनी टेबलावरची मोठी कात्री उचलली आणि दिव्यांच्या मधून धावत गेल्या. "अहो, कॅमेऱ्यात येताय!" कुणीतरी ओरडलं. त्यांनी गुडघ्याने पाहुण्याची पाठ दाबली आणि टाके-बिके न बघता मानेपासून खाली सरळ रबर कापत नेलं. आत हात घालून शिडीचं डोकं बाहेर ओढलं. चेहरा निळाकाळा. नाकातोंडात तेच. वहिनींनी त्याच्या तोंडात बोटं घालून ते काढलं, पाठीत बुक्क्या मारल्या, आणि तो एकदा किंचाळल्यासारखा श्वास घेऊन त्यांच्या मांडीवर पडला.

दिग्दर्शकाची तोपर्यंत कॅमेऱ्यावाल्याला मिठी मारून झाली होती. "मिळालं! अरे, मिळालं!" शिपाई फडकं घेऊन पुढे आला तसा तो खेकसला, "पुसू नका! कुणी काही पुसायचं नाही. जवळून एक शॉट घ्यायचाय. ते... ते भांड्यात भरून ठेवा."

आणि भरलं. फरशीवरचं, रबरावरचं, चमच्याने खरवडून, चहाच्या पातेल्यात. रबरवाला भरत होता आणि मान फिरवून दुसरीकडे बघत होता. वहिनींनी ते पाहिलं. आयुष्यात पुढे पुष्कळ घाण त्यांनी पाहिली, उपसली, पोराबाळांची, आजाऱ्यांची. कशाचंच त्यांना काही वाटलं नाही. पण ते पातेलं आठवलं की आजही मळमळून त्यांच्या जिभेखाली पाणी सुटतं.

तासाभराने निरोप आला: कातडं उद्यापर्यंत शिवून तयार पाहिजे. शिडी मागच्या अंगणात उलट्या बादलीवर बसून चुळा भरत होता.

"चल घरी," वहिनी म्हणाल्या.

तो हलला नाही. "शिवून टाका ना वहिनी. थोडंच तर काम राहिलंय."

"अरे, मरत होतास तू. हात वर केलास तर कुणी थांबवलं? माणूस आहेस की पोतं?"

"पोत्याला सिनेमात कोण घेतं?" तो हसण्याचा प्रयत्न करत म्हणाला. मग मान खाली घालून, "दादाला काय सांगू? हेही सुटलं म्हणून?"

वहिनींनी कात्री पिशवीत टाकली आणि त्या निघाल्या. ते काम त्यांनी त्या दिवशी सोडलं. कातडं रबरवाल्याने मासे पकडायच्या दोऱ्याने कसंबसं जोडलं आणि शिडी पुन्हा आत गेला. घरी दोघं या विषयावर बोलले नाहीत. सिनेमाच्या सुरुवातीला जी नावांची पाटी येते तिच्यात वहिनींचं नाव नाही.

सिनेमा आला आणि पडला. पंधरवड्यात उतरला. लोक म्हणाले, 'ते उतरले' उतरला. वहिनींना वाटलं, सुटलो. पण काही वर्षांनी कुठल्याशा महाविद्यालयातल्या पोरांनी तो हुडकून काढला, मग मासिकांत लेख आले, मग पुस्तकं. आणि सगळ्यांची बोटं एकाच दृश्यावर. परग्रहावरच्या आक्रमकाच्या मुखातून ओसंडणारा तो पीतद्रव म्हणजे भुकेल्या साम्राज्यांनी गिळलेल्या देशांचं अजीर्ण, असं एका प्राध्यापकांनी लिहिलं. दुसऱ्याने लिहिलं की नाही, ते मातेचं दूध आहे, उलट्या अर्थाने. वहिनींची लेक तोवर मोठी होऊन चष्म्याच्या दुकानात कामाला लागली होती. ती हे लेख आणून मोठ्याने वाचायची. वहिनी म्हणायच्या, "सकाळची पोळी होती ती. आणि बटाटा."

शिडीचे दिवस पालटले. त्याने शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली घेतली. त्याला बोलावणी यायला लागली, मुलाखती व्हायला लागल्या, लोक त्याच्याबरोबर जबडा उघडून फोटो काढायला लागले. थोरल्या भावाच्या शेवटच्या आजारात तो रोज यायचा, पाय चेपायचा; माणूस वाईट नव्हता. फक्त सिनेमाचं बोलणं निघालं की वहिनी स्वयंपाकघरात जायच्या.

मग सिनेमाचा मोठा सोहळा ठरला. नवीन, स्वच्छ केलेली प्रत दाखवणार, दिग्दर्शक येणार, शिडी येणार. शिडी स्वतः निमंत्रण घेऊन आला. "या ना वहिनी. तुम्ही कधी पाहिलाच नाहीत. दादा असता तर आला असता." दादाचं नाव घेतल्यावर त्यांना नाही म्हणवेना. लेकीबरोबर गेल्या.

दुपारचा खेळ, सभागृह खचाखच. ते दृश्य आलं तेव्हा लोकांनी आधीपासूनच ओरडायला सुरुवात केली. उजवा हात वर गेला. पडद्यावर तो हात वहिनींच्या घराएवढा मोठा होता, आणि त्याच्याबरोबर सभागृहातल्या सगळ्यांनी आपापला उजवा हात वर केला, बोटं फाकली. ती एक रीतच पडली होती म्हणे. मग 'भसाभस' झालं आणि टाळ्या, शिट्ट्या. मागच्या रांगेतला माणूस तोंडात मक्याच्या लाह्यांचा बकाणा भरून हसत होता. वहिनींनी पदर तोंडाला लावला. लेकीने विचारलं, "आई, बाहेर जायचं का?" त्यांनी मानेने नाही म्हटलं.

दिवे लागले. दिग्दर्शक आता फार म्हातारा झाला होता, पण कपड्याला सुरकुती नव्हती. शेजारी शिडी, पाठीत वाकलेला तरी सगळ्यांपेक्षा उंच. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने विचारलं, "ते दृश्य कसं सुचलं?"

दिग्दर्शकाने हात शिडीकडे केला. "ह्याला विचारा. ह्याची कला."

शिडीने माईक घेतला. "ठरवूनच केलं," तो म्हणाला. "आदल्या दिवशी साहेबांशी बोलणं झालं होतं. सकाळी घरून निघतानाच अर्धा डझन कच्ची अंडी पिऊन निघालो. म्हटलं, पाहुणा रिकाम्या पोटी कसा जाईल!" लोक हसले. "हात वर केला तीच खूण, की साहेब, आता येतंय, सांभाळा. आणि सगळं झकास चाललेलं, तेवढ्यात आमच्या वहिनी! बायकांचं काळीज हो. त्यांना वाटलं, दीर मेला. घेतली कात्री आणि आल्या धावत, फाडलं सगळं. अजून एक मिनिट मिळालं असतं तर..."

"अजून एक मिनिट मिळालं असतं," दिग्दर्शक मान हलवत म्हणाला, आणि हशा झाला.

"बसल्यात बघा त्या तिकडे," शिडी म्हणाला. "वहिनी, उभ्या राहा ना."

दिव्याचा झोत फिरत त्यांच्या अंगावर येऊन थांबला. वहिनी उभ्या राहिल्या. कुणीतरी माईक हातात दिला.

"तो मरत होता," त्या म्हणाल्या. "हात वर केला म्हणजे थांबा, असं ठरलं होतं. कुणी थांबवलं नाही. मग ते भांड्यात भरून ठेवलं."

पहिल्या रांगेत कुणीतरी "वाऽ" म्हणालं आणि सगळं सभागृह टाळ्यांनी कोसळलं. लोक उठून उभे राहिले. त्यांना तो खेळाचाच भाग वाटला, की अजूनही म्हातारीला खरं वाटतंय बघा. पुढच्या रांगेतली एक मुलगी डोळे पुसत म्हणाली, "किती गोड!" वहिनींनी व्यासपीठाकडे पाहिलं. शिडीही टाळ्या वाजवत होता. चांगला, हात उंच करून.

वहिनींनी माईक परत दिला. गोदामात वास होता, माशा होत्या, नाकाला फडकं बांधता येत होतं. इथे सगळ्यांनी अत्तरं लावली होती.

बाहेर व्हरांड्यात एक टेबल मांडलं होतं. त्यावर कागदी पेल्यांतून थरथरती पिवळी जेली, वर हिरव्या रबराचा छोटा जबडा खोचलेला. पाटी होती: 'पाहुण्याची ओकारी'. लोक रांग लावून घेत होते, चमच्याने सुर्रकन ओढत होते, जीभ काढून एकमेकांना दाखवत होते. एका पेल्यातलं एका बाईच्या हनुवटीवरून ओघळलं, तिने ते बोटाने निपटलं आणि चाटलं. वहिनी रांगेकडे पाठ करून पायऱ्यांपर्यंत गेल्या. लेक म्हणाली, "रिक्षा बघते," आणि पळाली.

शिडी दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात. चौकटीखालून वाकून आत आला, खुर्चीत बसला, गुडघे छातीशी आले.

"रागावलात?"

"नाही," वहिनी म्हणाल्या. त्यांनी चहा त्याच्यापुढे ठेवला आणि त्या शिवणाच्या यंत्रामागे जाऊन बसल्या. "किळस आली."

"त्या दृश्याची?"

"तुझी."

शिडीने कप जरा दूर सारला. "मी सुरुवातीला खरंच सांगायचो," तो म्हणाला. "तुम्हाला माहीत नाही. पहिली मुलाखत झाली तेव्हा सगळं सांगितलं, अगदी पातेल्यासकट. तो पोरगा 'अरेरे' म्हणाला आणि त्याने वही मिटली. छापलं नाही काही. नंतरही दोघातिघांना सांगून पाहिलं. लोक माझ्याकडे बघायचेच बंद व्हायचे हो. माणसाला ओकायला लावलं म्हटलं की त्यांना घाण वाटते. माणूस ठरवून ओकला म्हटलं की ती कला होते. मग मी म्हटलं, ठीक आहे. ठरवून तर ठरवून."

"आणि साहेब?"

"साहेबांना काय, ते तर खूषच."

"आणि मी? मला कशाला ओढलंस त्यात?"

"लोक हसतात तिथे," शिडी हळू आवाजात म्हणाला. "त्या जागी हसू लागतं. नाहीतर गोष्ट जड होते."

वहिनींनी सुईत दोरा ओवायला घेतला. तो नेढ्यातून जाईना. "ह्या बोटांनी तुझ्या घशातून काढलंय मी ते," त्या म्हणाल्या. "त्याचं मला कधी काही वाटलं नाही. काल वाटलं. काल तू टाळ्या वाजवत होतास तेव्हा वाटलं, की कशात हात घातला होता मी."

शिडीचा चेहरा पडला. त्याने डोळे पुसले, नाक ओढलं. "पुढच्या वेळी तुमचं नाव घेणार नाही. शपथ."

"पुढच्या वेळी खरं सांगशील का?"

शिडीने कप बशीत फिरवला.

"नाही," तो म्हणाला. "आता नाही जमणार, वहिनी. माझ्याकडे तेवढंच आहे."

"मग चहा पी. निवतोय."

त्याने प्यायला आणि गेला. त्यानंतर महिने गेले. तो अधूनमधून यायचा, वहिनी दार उघडायच्या. गुडघेदुखी, पाणीकपात, लेकीचं दुकान असं काहीबाही बोलणं व्हायचं. त्याला चहा मिळायचा. पण पूर्वी त्या त्याला जेवूनच जा म्हणायच्या, ते आता म्हणत नसत, आणि त्यानेही कधी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी दुसऱ्या कुठल्या शहरात तसाच सोहळा झाला. लेकीने फोनवर बातमी उघडली आणि वाचता वाचता थांबली.

"आई, काकांनी शब्द पाळला हं. तुझं नाव नाही घेतलं."

"मग काय म्हणाला?"

"म्हणे, दृश्य संपल्यावर त्यांनी स्वतःच ते कातडं आतून दोन्ही हातांनी टराटरा फाडलं आणि बाहेर आले. सगळं युनिट बघत राहिलं."

वहिनी एका शाळकरी झग्याच्या घेराला टाचण्या लावत होत्या. त्यांनी तोंडातली टाचणी काढली.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "म्हणजे आता त्यात माझा हात नाही."

आणि तोंड वाकडं करून त्या पुढची टाचणी लावायला लागल्या.